गरोदरपणात वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन : आई आणि बाळ या दोघांचा विचार

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. धाकट्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी कंबरेच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची एकत्रित गोळी सुरू झाली, दुखणे थांबल्यावरही गोळी थांबली नाही आणि आता ती दिवसाला दहा-बारा गोळ्या घेते. तिला पाचवा महिना चालू आहे. परवा हे सासरी उघडकीस आल्यावर घरच्यांनी सगळ्या गोळ्या फेकून दिल्या आणि कालपासून तिला घाम, जुलाब, जांभया, अंगदुखी आणि पोटात कळा सुरू झाल्या आहेत. बाळाला काय होईल, ते व्यसनी म्हणून जन्माला येईल का, अंगावर पाजता येईल का आणि रुग्णालयात खरे सांगितले तर पोलीस येतील किंवा बाळ काढून घेतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी नवजात शिशुविभागात अनेक वर्षे काम करते आणि अशा माता आमच्याकडे व्यसनमुक्ती उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीने येतात. त्या अनुभवातून उत्तर देते.

सर्वांत आधी तातडीची गोष्ट. तिला हे घरी सोसू देऊ नका. स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग असलेल्या रुग्णालयात, म्हणजे बहुतेक ठिकाणी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तिला आजच घेऊन जा. पोटात ठरावीक अंतराने कळा येत असतील, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, आकडी आली असेल किंवा ती गुंगीत असेल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत थांबू नका, थेट अपघात विभागात जा. घरच्यांनी गोळ्या फेकल्या त्या बाळाच्या काळजीपोटीच फेकल्या, हे मला समजते. पण अफूच्या जातीची औषधे, म्हणजे मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, हेरॉइन आणि आपल्याकडे ज्याला गर्द म्हणतात ते, गरोदर स्त्रीने एका दिवसात तोडून टाकणे हा बाळाच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग नाही.

याचे कारण असे की ही औषधे वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या रक्तात जातात आणि काही महिन्यांत बाळाच्या मज्जासंस्थेलाही त्यांची सवय होते. आईला टर्की लागते, म्हणजे औषध तुटल्यामुळे घाम, जुलाब, कळा असा त्रास सुरू होतो, तेव्हा तिच्या शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा येतो, नाडी आणि रक्तदाब चढतो, गर्भाशय आकुंचन पावू लागते आणि तोच ताण बाळालाही भोगावा लागतो. पूर्वी असे मानले जाई की अशा वेळी गर्भ दगावण्याचा धोका फार मोठा असतो. रुग्णालयात देखरेखीखाली हळूहळू औषध कमी केलेल्या स्त्रियांच्या अलीकडच्या अभ्यासांत तो धोका तेवढा दिसला नाही. मात्र त्याच अभ्यासांत दुसरी गोष्ट ठळकपणे दिसली, ती म्हणजे अशा स्त्रियांपैकी पुष्कळ जणी काही आठवड्यांत पुन्हा जुन्या औषधाकडे वळतात. मधल्या काळात शरीराची सहन करण्याची क्षमता उतरलेली असते. त्यामुळे पूर्वी जी मात्रा पचत होती तीच आता श्वास थांबवू शकते. माझ्या मते घरी कोंडून गोळ्या तोडण्यातला खरा धोका हा आहे.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत आणखी दोन बाबी आहेत. या एकत्रित गोळीत साधारणपणे 37.5 मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. बारा गोळ्या म्हणजे 450 मिलिग्रॅम ट्रामाडॉल, जे दिवसाच्या 400 मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेपलीकडे आहे आणि ज्या मात्रेला आकडी येण्याचा संभव वाढतो. सोबत जवळजवळ चार ग्रॅम पॅरासिटामॉल रोज पोटात जाते, तेही दीर्घकाळ. म्हणून यकृताची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करत असल्यामुळे ते तोडल्यावर काही जणांना नेहमीच्या लक्षणांखेरीज विलक्षण घबराट आणि भास होतात. घरच्यांनी त्याला नाटक समजू नये.

उपचार काय होतील ते सांगते. गरोदरपणातल्या अफूजन्य व्यसनासाठी जगभर मान्य झालेला मार्ग म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांवर आईला स्थिर करणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच सांगितले आहे. भारतात बहुतेक केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन मिळते. ही जिभेखाली विरघळणारी गोळी आहे. पहिली मात्रा टर्कीची लक्षणे दिसू लागल्यावरच देतात, कारण आधी दिली तर तीच टर्की आणते. नंतर तलफ आणि लक्षणे दोन्ही शमेपर्यंत मात्रा वाढवतात. ट्रामाडॉलची मात्रा फार मोठी नसेल, आधार चांगला असेल आणि स्त्री नियमित येत असेल, तर काही तज्ज्ञ ट्रामाडॉलच आठवड्यांगणिक कमी करण्याचा निर्णय घेतात. कोणता मार्ग घ्यायचा हे तिला तपासणारे डॉक्टर ठरवतील.

घरचे लोक इथे हमखास विचारतात, की एका नशेच्या जागी दुसरी नशा दिली तर काय साधले? प्रश्न रास्त आहे. जुनी गोळी दर काही तासांनी चढते आणि उतरते, आणि त्या चढउतारात बाळही दिवसातून अनेकदा हेलकावे खाते. ब्युप्रेनॉर्फिनची पातळी दिवसभर जवळपास सारखी राहते, आई जेवते, झोपते, तपासणीला येते, लोहाच्या गोळ्या घेते, गोळ्यांसाठी एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये भटकत नाही. अमेरिका आणि युरोपातील केंद्रांत झालेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्यात ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना मेथाडोनवरील मातांच्या बाळांपेक्षा जन्मानंतरची टर्की शमवण्यासाठी सरासरी 89 टक्के कमी मॉर्फिन लागले आणि त्यांचा रुग्णालयातील मुक्काम साडेसतरा दिवसांऐवजी दहा दिवसांवर आला. शेवटच्या तीन महिन्यांत शरीर औषध लवकर वापरून टाकते, त्यामुळे मात्रा वाढवावी किंवा दोन-तीन भागांत विभागून द्यावी लागते. त्याला व्यसन वाढले असे समजू नये.

आईच्या शरीराबद्दल थोडे. या औषधांनी पाळी अनियमित होते किंवा महिनोन्‌महिने येतच नाही. त्यामुळे गर्भ राहिल्याचे कितीतरी स्त्रियांना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत कळत नाही. सुरुवातीची मळमळ आणि थकवा त्यांना टर्कीच वाटते आणि त्या आणखी गोळ्या घेतात. तुमच्या बहिणीला इतक्या उशिरा दिवस गेल्याचे कळले असेल तर ते लपवाछपवीमुळेच झाले असे गृहीत धरू नका. बाळाची वाढ कमी होणे, दिवस भरण्याआधी बाळंतपण होणे, वार सुटणे आणि क्वचित बाळ पोटातच दगावणे हे धोके व्यसन चालू राहिले तर वाढतात. जन्मजात व्यंगांविषयीची भीती मात्र लोकांच्या मनात प्रत्यक्षापेक्षा खूप मोठी आहे. काही अभ्यासांत किंचित वाढ दिसते, पण दारूने गर्भाच्या मेंदूला आणि चेहऱ्याला जशी ठरावीक स्वरूपाची इजा होते तशी या औषधांनी होत नाही. पाचव्या महिन्याची सविस्तर सोनोग्राफी आता करून घ्याच, म्हणजे तुमच्याही मनातली शंका जाईल. तंबाखू, मिश्री किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे. झोपेच्या गोळ्या आणि अफूजन्य औषध यांची जोडी आईचा श्वास बंद पाडते आणि बाळाची लक्षणेही अधिक तीव्र करते.

ज्या स्त्रिया सुईने नशा करतात त्यांच्यात याशिवाय एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांचा प्रश्न येतो. मणिपूर आणि आसपासच्या राज्यांनी हे दुखणे 1990 च्या दशकापासून सोसले आहे. तिथे नवऱ्याच्या सुईतून बायकोला आणि तिच्यातून बाळाला एचआयव्ही झाल्याची कितीतरी कुटुंबे आहेत. तुमच्या बहिणीने सुई वापरलेली नसली तरी या तिन्ही चाचण्या गरोदरपणात व्हायलाच हव्यात.

बाळंतपणाच्या वेळची एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवा, कारण इथे चूक सहज होते. आपल्याकडे कळा कमी करण्यासाठी पेंटाझोसिन, म्हणजे बहुतेकांना फोर्टविन या नावाने माहीत असलेले इंजेक्शन, अजून पुष्कळ ठिकाणी दिले जाते. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन किंवा अन्य अफूजन्य औषधावर असलेल्या स्त्रीला ते दिले तर काही मिनिटांत तीव्र टर्की येऊ शकते. ब्युटॉर्फेनॉल आणि नाल्बुफिन यांचेही तसेच आहे. तिची रोजची ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा कळांच्या दिवशीही चालू ठेवायची, आणि वेदनेसाठी पाठीच्या कण्यातून देण्याची भूल सर्वांत चांगली. तिला व्यसन आहे म्हणून वेदना सोसू द्या, असे कोणी म्हटले तर ते ऐकून घेऊ नका. जन्मल्यावर बाळाचा श्वास मंद वाटला तर त्याला मास्कने श्वास द्यायचा, अफूजन्य औषधाचा असर झटक्यात उलटवणारे नॅलोक्सोन टोचायचे नाही, कारण अशा बाळाला त्याने आकडी येऊ शकते. हे बालरोगतज्ज्ञांना माहीत असते, पण त्यासाठी आईचा इतिहास त्यांना आधी कळलेला असावा लागतो.

आता बाळ. बाळ व्यसनी जन्मत नाही. त्याच्या शरीराला औषधाची सवय असते आणि नाळ कापल्यावर तो पुरवठा थांबतो, एवढेच होते. त्यातून जी लक्षणे दिसतात ती हेरॉइनमध्ये बहुधा पहिल्या 24 तासांत, ब्युप्रेनॉर्फिनमध्ये दीड ते अडीच दिवसांनी आणि मेथाडोनमध्ये दोन-तीन दिवसांनी सुरू होतात. म्हणून चोवीस तासांत घरी सोडण्याची घाई अशा बाळाच्या बाबतीत करायची नसते. त्याला चार ते सात दिवस तरी नजरेखाली ठेवतात. तिसऱ्या दिवशीचे असे बाळ पाहिले की विसरता येत नाही. रडणे बारीक, तीक्ष्ण आणि न थांबणारे असते. हात-पाय ताठ असतात, हनुवटी आणि बोटे थरथरतात, एकापाठोपाठ शिंका आणि जांभया येतात. भुकेने ते स्वतःची मूठ चोखते, पण स्तन तोंडात दिल्यावर चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला जमत नाही आणि ते चिडून तोंड फिरवते. पातळ शी होऊन ढुंगण लाल होते, आणि सतत पाय घासल्यामुळे टाचांची व गुडघ्यांची कातडी सोलवटते. आईने हे पाहिले की ती अपराधाने मोडून पडते, आणि नेमक्या त्याच वेळी आजूबाजूचे लोक तिला टोचून बोलतात.

या बाळांचे मोजमाप करण्यासाठी 1975 पासून फिलाडेल्फियातील डॉ. लॉरेटा फिनेगन यांची गुणपद्धत वापरली जात होती. परिचारिका दर तीन-चार तासांनी वीसेक लक्षणांना गुण द्यायची, गुण चढले की मॉर्फिन सुरू, आणि बाळ अतिदक्षता विभागात दिव्यांच्या झगमगाटात आईपासून दूर. गेल्या दहा वर्षांत ही पद्धत मुळातून बदलली. अमेरिकेत न्यू हेवन इथल्या डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारायला सुरुवात केली: बाळ पुरेसे पिते का, सलग तासभर झोपते का, आणि रडू लागल्यास दहा मिनिटांत शांत होते का? उत्तर नाही असेल तर आधी औषध नाही. आधी आईला जवळ आणायचे, खोली अंधारी आणि शांत करायची, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, उघड्या छातीशी धरायचे, थोडे थोडे पण वारंवार पाजायचे. 2023 मध्ये अमेरिकेतील 26 रुग्णालयांच्या आणि 1305 बाळांच्या अभ्यासाने यावर शिक्कामोर्तब केले. जुन्या पद्धतीत 52 टक्के बाळांना औषध लागले, नव्या पद्धतीत 19.5 टक्क्यांना, आणि घरी जाण्याजोगे होण्याचा काळ जवळजवळ पंधरा दिवसांवरून आठ दिवसांवर आला. ज्यांना तरीही औषध लागते त्यांना तोंडाने मॉर्फिनचे थेंब देऊन ते हळूहळू उतरवतात, आणि तेही योग्यच आहे. पण पहिला उपचार आई आहे, हे मी माझ्या विभागात रोज पाहते.

म्हणूनच अंगावर पाजण्याबद्दलचे उत्तर बहुतांशी होय असे आहे. आई ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर असेल आणि बाहेरचे काही घेत नसेल, तर तिने जरूर पाजावे. दुधातून औषध अगदी थोडे जाते आणि पाजलेल्या बाळांची लक्षणे सौम्य राहतात. ती पुन्हा ट्रामाडॉल किंवा कोडीन घेऊ लागली तर मात्र पाजू नये. काही स्त्रियांचे यकृत या दोन औषधांचे रूपांतर अतिवेगाने अधिक तीव्र द्रव्यात करते आणि बाळ दुधातूनच गुंगीत जाऊ शकते. याच कारणाने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये स्तनदा मातांना ही दोन औषधे न देण्याची सूचना काढली.

घरी गेल्यावरही काही आठवडे बाळ चिडचिडे राहील, त्याची झोप तुटक असेल. इथे घरातल्या मोठ्यांना एक विनंती आहे. बाळ झोपत नाही म्हणून अफूचे बोट चाटवणे किंवा खोकल्याचे औषध पाजणे हा प्रकार आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्यांना अफूच्या बाळगोळ्या देत, आणि 1920 च्या दशकात सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत हे घरोघरी आढळले होते. त्या बायकांना दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता, पण गुंगीत पडलेली ती मुले दूध कमी पीत आणि खंगत जात. आज अफूची जागा कोडीनच्या सिरपने घेतली आहे. बारा वर्षांखालील मुलाला कोडीन किंवा ट्रामाडॉल देऊ नये, आणि ज्या बाळाने नुकतीच टर्की सोसली आहे त्याला तर थेंबभरही नाही.

मूल पुढे कसे होईल, याचे उत्तर दोन टोकांच्या मध्ये आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये अशा मुलांच्या शालेय परीक्षांचे गुण तपासले तेव्हा ती तिसरीत मागे होती आणि सातवीपर्यंत ते अंतर वाढले होते. तिरळेपणा आणि लक्ष न लागणे यांचे प्रमाणही अधिक आढळते. परंतु यातला किती वाटा औषधाचा आणि किती वाटा तंबाखूचा, कमी वजनाचा, दारिद्र्याचा, घरातल्या मारहाणीचा किंवा मूल वारंवार या घरातून त्या घरात जाण्याचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. माझा कल स्पष्ट आहे: मूल पोटात असताना काय गेले ते आता बदलता येत नाही, जन्मानंतरचे घर बदलता येते आणि त्याचा परिणाम मोठा असतो. नजर, ऐकणे आणि विकासाचे टप्पे यांची तपासणी ठरलेल्या वयांत करून घ्या. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ती विनामूल्य होते.

पोलिसांच्या भीतीबद्दल. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम 64 अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित आजारही येतात. त्यात उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे, आणि उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल तिच्या मुक्कामात सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळे करू नये, असेही स्पष्ट म्हटले आहे. मुलाला तिच्यापासूनच धोका असल्याचे डॉक्टरांचे मत झाले तरच अपवाद, आणि त्याचाही फेरविचार ठरावीक दिवसांनी करावा लागतो. अमेरिकेच्या टेनेसी राज्याने 2014 मध्ये उलटा मार्ग घेतला आणि गरोदरपणी नशा करून बाळाला अपाय झाला तर आईवर गुन्हा दाखल करण्याची तरतूद केली. स्त्रिया तपासणीलाच येईनाशा झाल्या, आणि 2016 मध्ये तो कायदा मुदत संपल्यावर तसाच सोडून दिला गेला. ज्या देशात 2000 साली दर हजार जन्मांमागे एखादे बाळ या लक्षणांनी ग्रस्त असे आणि 2012 पर्यंत ती संख्या सहाच्या घरात गेली, त्या देशाचा हा अनुभव आपण लक्षात घ्यायला हवा.

तुमच्या बहिणीसाठी सर्वांत धोक्याचा काळ बाळंतपणाचा नाही, त्यानंतरचे वर्ष आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये पाहिलेल्या मातांत औषधाची अतिमात्रा होण्याचे प्रमाण शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत कमी आणि बाळ सात ते बारा महिन्यांचे असताना सर्वांत जास्त होते. झोप नाही, मन खचलेले, कौतुकाला आलेले पाहुणे निघून गेलेले, आणि बाळ झाले आता औषधाची काय गरज, असे म्हणत घरचे ब्युप्रेनॉर्फिन बंद करायला लावतात. पहिले वर्षभर तरी ते बंद करण्याची घाई करू नका. मात्र गोळ्या कुलपात ठेवा, उशीखाली किंवा पर्समध्ये नाही. रांगणाऱ्या मुलाने एक गोळी तोंडात घातली तरी त्याचा श्वास मंदावू शकतो.

आज जाताना तिच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट किंवा मेडिकलचे बिल, सोनोग्राफीचे कागद आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली याची नोंद सोबत न्या. जवळपास कुठे जावे हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीच्या 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 क्रमांकावर मराठीत विचारता येईल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्ये स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग आहे, बाळंतपणानंतरच्या समुपदेशनासाठी त्याचा विचार करा. डॉक्टरांशी बोलताना तिचा नवरा बाहेर थांबला तर बरे, ती तुमच्यासमोर अधिक मोकळेपणाने सांगेल.